हळदीचा डबा बंद ठेवा

लुइझियानात राहायला आलेल्या कोकणातल्या माणसाला कोळंबीची ददात पडत नाही. मिसिसिपी नदी मेक्सिकोच्या आखाताला मिळते त्या टापूत खाजणं, खाड्या, चिखल, डास आणि ऑगस्टातला घामाचा चिकचिकाट, सगळा जामानिमा जागेवर आहे. मी मूळचा देवगडकडचा. न्यू ऑर्लिन्सजवळच्या केनरमध्ये आता बरीच वर्षं काढली. टोमॅटोच्या रश्श्यातली, भातावर वाढायची इथली श्रिंप क्रिओल मी शेजारच्या आजींकडून शिकलो. त्या न्यू ऑर्लिन्सच्या सेव्हन्थ वॉर्डातल्या, जुन्या कृष्णवर्णीय क्रिओल घरातल्या. इथे वडीलधाऱ्या बाईच्या नावाआधी 'मिस' लावून हाक मारायची रीत आहे, तशी मी मारतो. त्या मला पन्नाशीतही 'बेबी'च म्हणतात.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत भेटणारे लोक आणि पुण्या-मुंबईहून फोन करणारे भाचे-पुतणे कृती मागतात. कृती अर्ध्या पानात संपते, आणि सांगण्यासारखं जे आहे ते त्या अर्ध्या पानात मावत नाही. म्हणून हे थोडं लांबण.

१. हळदीचा डबा बंद ठेवा

कोळंबी समोर आली की आपला हात न सांगता मिसळणाच्या डब्याकडे जातो. हळद, मीठ, कोकमाचं आगळ चोळून ठेवायचं, आलं-लसणाचं वाटण लावायचं, मग बाकीचं बघू. आपल्या कालवणाला हे शोभतं. क्रिओल रश्श्यात मात्र चमचाभर हळद पडली की थाइम आणि सेलरी दोघंही गप्प होतात आणि ताटात उरतो तो फिका पडलेला कोळंबी मसाला. आलं नको, गरम मसाला नको, नारळ तर नाहीच. कोथिंबिरीच्या जागी पार्सली आणि कांद्याची पात. आंबटपणाला टोमॅटो आणि शेवटी पिळलेलं अर्धं लिंबू पुरतं.

मंडळाच्या एका जेवणात कोणीतरी म्हणालंच, "छान झालंय, पण थोडा मालवणी मसाला हवा होता." हवा असेल तर जरूर घालावा, पण मग त्याला नावही आपलंच द्यावं. दुसऱ्याच्या घरचा पदार्थ निदान एकदा त्यांच्या चवीने खाऊन बघावा आणि मग सुधारणा सुचवाव्यात, एवढंच माझं म्हणणं.

२. कोळंबी कुठली ते आधी विचारा

नदीपलीकडे वेस्टवेगो नावाचं गाव आहे. तिथे रस्त्याला लागून मासळीवाल्यांची दुकानं एका मोकळ्या जागेत दाटीने उभी आहेत, 'श्रिंप लॉट' म्हणतात त्याला. मोठमोठ्या पेट्यांत बर्फ आणि बर्फात डोक्यासकट कोळंबी. आखाताच्या या किनाऱ्यावर १९७५ नंतर व्हिएतनाममधून आलेली बरीच कुटुंबं मासेमारीत शिरली. त्यामुळे बाजारात कानावर भाषाही दोन-तीन पडतात.

कोळंबी हातात घेऊन बघायची, ती आपल्याकडे बघतो तशीच. मानेपाशी डोकं घट्ट बसलेलं हवं. उचलताना डोकं लोंबलं तर पुढच्या दुकानात जावं. कवच हाताला बुळबुळीत लागता कामा नये. डोकं आणि धड जुळतात तिथे काळी कड धरलेली असेल तर माल जुना. डोक्यात पचनाचा जो मऊ पिवळट-तपकिरी भाग असतो, त्यातला रस कोळंबी मेल्यावर धडाचं मांस आतून पोखरायला लागतो. म्हणून डोक्यासकट आणलेली कोळंबी त्याच दिवशी शिजवावी, नाहीतर घरी आल्या आल्या डोकी वेगळी करावीत. किलोभर अशी आणली की सोलून जेमतेम अर्धा किलो हाती लागते. चार माणसांना पुरते.

इथे मुख्य जाती दोन. तपकिरी कोळंबीचा हंगाम साधारण मे ते जुलै, पांढरीचा ऑगस्ट ते डिसेंबर. तपकिरीला समुद्राचा, आयोडिनकडे झुकणारा ठसका असतो. पांढरी गोडसर, तिचं कवच पातळ, सोलायला सोपी. आजींच्या मते क्रिओलला पांढरीच. मला तपकिरीही चालते, कारण टोमॅटोपुढे तिचा ठसका टिकून राहतो. या मुद्द्यावर आमचं कधी जमलेलं नाही.

आता आपल्या लोकांना ऐकून गंमत वाटेल असं. अमेरिकेत खपणारी ९० टक्क्यांहून जास्त कोळंबी बाहेरून येते आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा भारताचा आहे. ती बहुतेक व्हन्नामी, मुख्यतः आंध्रातल्या तळ्यांत वाढवलेली. ही जात मूळची मेक्सिको ते पेरूच्या प्रशांत किनाऱ्यावरची. भारतात तिच्या शेतीला २००९ मध्ये परवानगी मिळाली. म्हणजे अमेरिका खंडाची कोळंबी आंध्रात वाढते आणि गोठून परत अमेरिकेला येते. स्वस्त आयातीने इथल्या मच्छीमारांचं कंबरडं मोडलं आहे. म्हणून लुइझियानाने २०१९ मध्ये कायदा केला, की रेस्टॉरंटात बाहेरची कोळंबी वापरली असेल तर गिऱ्हाइकाला तसं लिहून सांगायचं. वेस्टवेगोला एका बोटवाल्याने मी कुठला ते विचारलं. मी भारत म्हटल्यावर तो क्षणभर थांबला आणि मग हसला. त्या थांबण्यात काय होतं ते मला कळलं. आपल्या तळेवाल्यांचंही पोट त्यावरच आहे, हे मी त्याला कसं सांगणार?

गोठवलेलीच घ्यायची वेळ आली तर पाकिटामागची यादी वाचा. कोळंबी आणि मीठ एवढंच लिहिलेलं असेल तर घ्या. सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट असेल तर त्या कोळंबीने पाणी पिऊन वजन वाढवलेलं आहे, आणि ते पाणी ती तुमच्या रश्श्यात सोडणार. पाकिटावर २१/२५, २६/३० असे आकडे असतात. एका पौंडात, म्हणजे साडेचारशे ग्रॅमला किती नग, त्याचे. क्रिओलला २६/३० पुरे. त्याहून मोठी घेतली की पैसे जास्त आणि चवीत फरक नाही.

३. डोकी आणि कवचं म्हणजे अर्धा स्वयंपाक

कवचं आणि डोकी थोड्या लोण्यावर गुलाबी होईपर्यंत परतायची. मग त्यात लिटर-सव्वा लिटर पाणी, सेलरीचा शेंडा, कांद्याचा एक तुकडा. वीस-पंचवीस मिनिटं मंद उकळायचं. मग गाळायचं, आणि गाळताना पळीच्या पाठीने डोकी चाळणीत दाबायची. दाबल्यावर जो शेंदरी थेंब खाली पडतो, सगळी चव त्यात आहे. तासभर उकळलं तर जास्त अर्क उतरेल असं वाटतं, पण तसं होत नाही, चुन्यासारखी कडसर चव येते.

आमची सौ. घाटावरची. लग्नाआधी कोळंबी तिने चित्रातच पाहिलेली. हल्ली हा अर्क ती नुसता कपात घेऊन पिते, वर मिरपूड घालून.

४. कांदा, सेलरी, ढोबळी मिरची

क्रिओल स्वयंपाक या तिघांवर उभा आहे. इथले लोक कॅथलिक वळणाचे, त्यामुळे या तिघांना ते 'होली ट्रिनिटी' म्हणतात, आणि लसूण घातली की पोपही आले असा विनोद करतात. प्रमाण साधारण असं: दोन वाट्या कांदा, एक वाटी सेलरी, एक वाटी ढोबळी मिरची. मिरची हिरवीच हवी. लाल-पिवळी दिसते छान पण गोड असते, आणि इथे हिरवीचा तो किंचित कडवटपणाच कामाचा आहे. पुण्या-मुंबईत मिळणारी सेलरी बारीक देठांची आणि वासाला उग्र असते. ती निम्मीच घ्या.

मिक्सरला हात लावू नका. आपल्याकडे वाटणाने रस्सा दाट होतो. इथे मटाराएवढे तुकडे शिजून मऊ होतात आणि त्यांनीच रश्श्याला अंग येतं. आजी चिरताना बघण्यासारख्या. छोटी, झिजून अरुंद झालेली सुरी, चिरायची फळी नाहीच. कांदा डाव्या हातात धरून त्याच्यावर आडव्या-उभ्या चिरा पाडायच्या आणि मग वरून पातळ काप थेट पातेल्यात सोडायचे. माझी आजीसुद्धा विळी लांब असली की असंच करायची. मी हे करायला जात नाही, मला बोटं प्यारी आहेत.

दोन मोठे चमचे लोणी आणि एक चमचा तेल. आधी कांदा, दोन मिनिटांनी बाकीचे दोघे, चिमूटभर मीठ, मध्यम आच, दहा-बारा मिनिटं. कांदा पारदर्शक होऊन कडेला जरासा सोनेरी दिसला की थांबायचं. आपण कालवणाचा कांदा लालबुंद करतो, तितकं इथे नको. भाजलेल्या कांद्याची गोडी सेलरीला गिळून टाकते. लसूण शेवटी, चार-पाच पाकळ्या, बारीक चिरून, मिनिटभर.

५. भांडं

इथे घरोघरी बिडाची भांडी असतात आणि त्यांचा अभिमानही असतो. पण साध्या बिडात टोमॅटो तासभर शिजवला की रश्श्याला लोखंडी चव येते. इनॅमलचा मुलामा दिलेलं बिडाचं पातेलं असेल तर उत्तम, नाहीतर जाड बुडाचं स्टीलचं.

६. टोमॅटोला घाई नको

शहरातला क्रिओल स्वयंपाक आणि पश्चिमेकडच्या पाणथळ मुलखातला केजन स्वयंपाक हे बाहेरच्यांना एकच वाटतात. केजन म्हणजे आजच्या कॅनडातल्या अकेडियामधून ब्रिटिशांनी १७५५ पासून हुसकावलेले फ्रेंच शेतकरी, जे पुढे लुइझियानात येऊन वसले. त्यांचं जेवण एका भांड्यातलं, गावाकडचं. क्रिओल जेवण बंदराच्या शहरातलं. न्यू ऑर्लिन्स फ्रेंचांनी १७१८ मध्ये वसवलं, मग तिथे स्पॅनिश राज्य आलं, १८०३ मध्ये ते अमेरिकेने विकत घेतलं, आणि या सगळ्या काळात चुलीपुढे उभी होती ती बहुतेक आफ्रिकन वंशाची माणसं. दोन्ही स्वयंपाकांत पुष्कळ सरमिसळ आहे. पण ढोबळ खूण सांगायची तर पातेल्यात टोमॅटो दिसला की ते शहराकडचं.

दोन चमचे टोमॅटोची घट्ट पेस्ट आधी परतलेल्या भाजीवर घालून विटकरी रंग येईपर्यंत खमंग होऊ द्यायची. इथे जरा धीर धरावा. कच्च्या पेस्टचा डबाबंद वास पुढे कितीही शिजवलं तरी जात नाही. मग टोमॅटो. इथे जूनमध्ये 'क्रिओल टोमॅटो' म्हणून स्थानिक, मातीची चव असलेले मिळतात, तेव्हा तेच वापरतो. एरवी मोठा डबा, साधारण आठशे ग्रॅमचा. भारतात हायब्रीड टोमॅटो घेण्यापेक्षा गावरान, आंबटसर घ्यावेत. दोन कप कोळंबीचा अर्क, आणि झाकण तिरकं ठेवून पाऊण तास मंद आचेवर. तेल सुटायची वाट बघू नका, ते सुटणार नाही. चमच्यातून रस्सा सोडला की पाण्यासारखा न पडता सावकाश ओघळला, की झाला.

पीठ भाजून केलेला रू या पदार्थात बहुतेक घरांत नसतो. काळपट रू गंबो या इथल्या दाट रश्श्यात. कोळंबी एतुफे नावाच्या पदार्थातही रू असतो, पण फिका. आजी कधीतरी चमचाभर मैदा लावतात, मी लावत नाही.

७. पुस्तकांच्या आधी चूल

क्रिओल पाककृतींची जुनी पुस्तकं प्रसिद्ध आहेत. लॅफकॅडियो हर्नचं १८८५ मध्ये आलं, 'पिकायून' वृत्तपत्राचं १९०० मध्ये. या दुसऱ्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत जुन्या काळ्या क्रिओल स्वयंपाकिणी आता नाहीशा होत चालल्या आहेत, अशी हळहळ आहे. वाचताना राग येतो. कृती त्या बायकांच्या, पुस्तकावर नाव कोणा दुसऱ्याचं, आणि वर हळहळ.

लेना रिचर्ड यांनी १९३९ मध्ये स्वतःचं पाककृतींचं पुस्तक स्वतः छापलं. पुढच्या वर्षी एका मोठ्या प्रकाशकाने ते देशभर नेलं. १९४९ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या टीव्हीवर त्यांचा स्वयंपाकाचा कार्यक्रम सुरू झाला. वर्णभेदाचे कायदे जागेवर असताना एक काळी बाई गोऱ्यांच्या दिवाणखान्यात जाऊन त्यांना स्वयंपाक शिकवत होती. लिआ चेस यांचं डुकी चेस रेस्टॉरंट ट्रेमे भागात आजही चालू आहे. नागरी हक्कांच्या चळवळीत काळे आणि गोरे एकत्र बसून जेवणं कायद्याने मना होतं, तेव्हा माडीवर चळवळीच्या बैठका व्हायच्या आणि खालून जेवण जायचं. २०१९ मध्ये त्या वयाच्या ९६व्या वर्षी गेल्या. शेजारच्या आजींच्या स्वयंपाकघरात त्यांचा फोटो येशूच्या शेजारी आहे. येशू किंचित वर.

८. तिखट तीन वाटांनी

आपलं तिखट एकदम येतं. इथलं थोडं थोडं करत येतं. पॉल प्रुधोम या केजन शेफने ऐंशीच्या दशकात लुइझियानाचं जेवण जगापुढे मांडलं. लाल, काळी आणि पांढरी अशा तिन्ही मिऱ्या-मिरच्या एकत्र वापरण्याची त्यांची रीत घरोघरी पोचली आहे. लाल केयेन जिभेच्या टोकावर लागते, काळी मिरी वासाने कळते आणि पांढरी मागाहून घशात. चार माणसांना प्रत्येकी पाव चमचा घेऊन बघा. केयेन नसेल तर आपलं साधं झणझणीत तिखट चालतं. बेडगी नको, ती रंगाची. काश्मिरी तर नकोच.

तयार क्रिओल मसाल्याच्या डब्या इथे प्रत्येक घरात असतात, आमच्याकडेही आहे. पण घटकांच्या यादीत बहुधा पहिलं नाव मिठाचं असतं. डबी वापरली तर वेगळं मीठ घालू नका, आणि घातल्यावर अर्क आटणार आहे हेही ध्यानात ठेवा.

टॅबॅस्को इथलाच, एव्हरी आयलंडवरचा, १८६८ पासूनचा. ओकच्या पिंपांत मिरची मुरवून केलेला, त्यामुळे त्यात तिखटाइतकाच शिरक्याचा आंबटपणा आहे. तो शिजताना घालू नये, ताटात प्रत्येकाने आपापला घ्यावा. वूस्टरशर सॉस मात्र शिजताना एक चमचा.

९. तमालपत्र

इथलं वेगळं, आपलं वेगळं. आपल्या पानावर लांब तीन शिरा असतात आणि वास दालचिनीकडे झुकतो. इथलं पान लॉरेलचं, मधोमध एक शीर, वास थंडसर, औषधी. आपलं घालून हा रस्सा केला की बिर्याणीची आठवण येत राहते. त्यापेक्षा वगळलेलं बरं. थाइम वाळलेला असला तरी चालतो, अर्धा चमचा.

१०. रस्सा थांबतो, कोळंबी थांबत नाही

मला या पदार्थाबद्दल एकच गोष्ट सांगायला सांगितली तर मी ही सांगेन. हे एका ताटातले दोन वेगळे स्वयंपाक आहेत. रश्श्याला जितका वेळ द्याल तितका तो सुधारतो. सकाळी करून ठेवा, आदल्या रात्री केलात तर आणखी बरा. कोळंबीला मात्र मोजून तीन-चार मिनिटं आहेत. दोघांना एकत्र शिजवणारा रश्श्याचं भलं करत नाही आणि कोळंबीचंही.

आमच्या देवगडच्या काकीला हे कोणी शिकवलं नव्हतं. पानं मांडून सगळे बसल्याशिवाय ती कोळंबी आधणात सोडत नसे. उशिरा येणाऱ्यासाठी कालवण थांबवायचं नाही, आणि उशीर झालेल्याने तोंडही उघडायचं नाही. सेव्हन्थ वॉर्डातही नियम हाच. आधी भात वाढायचा, मग पातेल्याकडे जायचं.

सोललेली कोळंबी काळा दोरा काढून, धुऊन, कागदी टॉवेलवर कोरडी करा. ओली टाकली की रस्सा पातळ होतो. थोडं मीठ, थोडी मिरी, आणि फ्रिजमध्ये. पानं घेतल्यावर रश्श्याला चांगली उकळी आणा, कोळंबी सोडा, एकदा खालीवर करा आणि आच कमी करा. आता पातेल्यापासून हलू नका. करड्या, काचेसारख्या अंगावर आधी शेपटीकडून गुलाबी रेषा उमटतात, मग पातळ भाग पांढरा पडतो. सगळ्यात शेवटी राहते ती मानेकडची जाड बाजू. दोरा काढताना पाठीवर जी चीर पडली, तिच्या तळाशी बघायचं. तिथे करडेपणाची नुसती छटा उरली की गॅस बंद. झाकण ठेवून दोन मिनिटं. उरलेलं काम रश्श्याच्या उष्णतेने होतं. अर्धगोल वाकलेली कोळंबी बरोबर. शेपूट मानेला टेकली असेल तर आतलं पाणी पिळून निघालेलं आहे, आणि आता लोणी घाला, क्रीम घाला, काही उपयोग नाही.

पाहुणे ट्रॅफिकमध्ये अडकले म्हणून फोन आला, तर गॅसजवळ जाऊ नका. जे आलेत त्यांना बिअर द्या, गप्पा मारा. पुष्कळ पार्ट्यांमध्ये मी हा पदार्थ गरम ठेवायच्या ट्रेमध्ये तासन्‌तास पडलेला बघितला आहे. तिथे मी फक्त रस्सा-भात घेतो.

शेवटी पात, पार्सली, लिंबू. आणि सुपारीएवढा लोण्याचा गोळा, डॉक्टरांची हरकत नसेल तर.

११. भात बासमतीचा नको

बासमतीला स्वतःचा वास आहे आणि तो इथे मध्ये मध्ये बोलतो. आंबेमोहोर चिकट होतो. लुइझियानाचा साधा लांब दाण्याचा तांदूळ घ्या, किंवा भारतीय दुकानातला कोलम. तो फार छान जमतो. नैर्ऋत्येला क्राउलीच्या आसपास मैलोन्‌मैल भातखाचरं आहेत, आणि कापणीनंतर त्यांतल्या पुष्कळ खाचरांत पाणी भरून क्रॉफिश वाढवतात. आपल्याकडे पावसाळ्यात शेतात खेकडे सापडतात, त्या ओळखीने मी पहिल्यांदा हे बघायला गेलो होतो. लुइझियानात भात रुजला तो पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या, भातशेतीत मुरलेल्या माणसांच्या हातांनी. त्यामुळे मला हा पदार्थ भातावरचा रस्सा वाटत नाही, रश्श्यासकटचा भातच वाटतो.

मूद मधोमध, रस्सा भोवती. कालवू नका, वाढतानाच कालवलं की भात गार होतो.

१२. वार बघून करा

इथे मार्डी ग्राचा उत्सव उलटला की ईस्टरपर्यंत लेंटचा काळ, आणि त्या काळातल्या शुक्रवारी मांस नाही, मासे चालतात. शाळांच्या कँटीनपासून चर्चच्या आवारापर्यंत सगळीकडे मासळीचा घमघमाट. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, श्रावण सांभाळत वाढलेल्या माणसाला या हिशोबाची नव्याने शिकवणी लागत नाही. फक्त आमच्या घरी दोन्ही पंचांगं पाळायची म्हटली तर आठवड्यात खायला दिवसच उरत नाहीत. तोडगा असा की श्रावण पाळायचा आणि लेंटमध्ये दर शुक्रवारी क्रिओल करायची. दोन्ही देव खूश.

१३. सोडे असतील तर नागपुरातही जमेल

ताजी कोळंबी डोक्यासकट मिळत नाही, अर्क कशाचा करू, असं नागपूरहून पुतणीने विचारलं. तिला म्हटलं, सोडे घे. मूठभर सोडे कोरडे भाजून, गरम पाण्यात अर्धा तास भिजवून, त्याच पाण्यासकट दहा मिनिटं उकळून गाळले की रश्श्याला बैठक मिळते. सोडे खारे असतात, मीठ नंतर बघून.

हे इथल्या परंपरेबाहेरचं मुळीच नाही. न्यू ऑर्लिन्सच्या दक्षिणेला बाराटेरिया उपसागरात खांबांवर उभं केलेलं मनिला व्हिलेज नावाचं गाव होतं, फिलिपिनो मच्छीमारांचं. मोठमोठ्या लाकडी फळ्यांच्या अंगणांवर ते खारात उकडलेली कोळंबी उन्हात वाळवायचे आणि पायांना गोणपाट गुंडाळून तिच्यावर फेर धरून नाचायचे, म्हणजे कवचं सुटतात. १९६५ च्या बेट्सी वादळात ते गाव गेलं. वाळवलेली कोळंबी अजून दुकानांत छोट्या पुड्यांतून मिळते, लोक गंबोत घालतात. मी पहिली पुडी फोडली तेव्हा गाडीत होतो, सौ.ने चारही काचा खाली केल्या. आमच्याकडच्या जेट्टीवर जून-जुलैच्या बंदीआधी सुकवणीची धांदल असते, नेमका तोच वास.

१४. उरलं तर

कोळंबी वेचून वेगळी ठेवा, रस्सा वेगळा. दुसऱ्या दिवशी रस्सा एकटाच गरम करायचा आणि त्यात अंडी फोडून सोडायची. झाकण ठेवून चार मिनिटं, पावाबरोबर. इथला पोबॉय सँडविचचा लांब पाव असेल तर मजा, पण लादीपावही चालतो. गार कोळंबी तशीच, लिंबू पिळून, सॅलडवर. ती पुन्हा तापवायची नाही, आणि ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात नाही. आमच्या मजल्यावर एकाने तापवली होती, तेव्हापासून त्या खोलीच्या दारावर पाटी लागली आहे.